स्प्लेंडरला ऑइलचा दिवा नसतो

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, तेव्हा तिच्या जाहिरातीत एक वाक्य होतं: 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. बोलणं पेट्रोलबद्दल होतं. गाडी ॲव्हरेजच इतकं द्यायची की पंपावर पुन्हा कधी जायचं याचा विचार करावा लागू नये. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाने मात्र हा सल्ला इंजिन ऑइललाही लावून टाकला, आणि त्या इंजिनाची कमाल अशी की त्याने तो बरीच वर्षं सहनही केला. 1994 मध्ये आलेली स्प्लेंडर त्याच घराण्यातली. 97.2 सीसी, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं आणि जवळजवळ आडवं झोपलेलं इंजिन. आज कॉलेजला जाणारा मुलगा किंवा नुकती नोकरीला लागलेली मुलगी वीस-तीस हजारांच्या आत पहिली जुनी गाडी शोधायला निघते, तेव्हा बहुधा स्प्लेंडर किंवा तिच्याच जातकुळीतली एखादी हाताला लागते. तिचे आधीचे मालक तिच्या ऑइलकडे किती बघत होते, हे आर.सी. बुकात लिहिलेलं नसतं.

पेट्रोल संपत आलं की गाडी आचके देते, कॉक रिझर्व्हवर टाकावा लागतो, तेही संपलं की ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. ऑइल संपत आलं तर गाडी काहीच बोलत नाही. चारचाकीत ऑइलचं प्रेशर पडलं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. जुन्या स्प्लेंडरच्या मीटरमध्ये न्यूट्रलचा दिवा आहे, इंडिकेटरचा आहे, हेडलाइटच्या हाय बीमचा आहे, ऑइलचा नाही. शिवाय या इंजिनात मुळात लिटरभरही ऑइल मावत नाही. त्यातलं दोन-अडीचशे मिली कमी झालं तर पाव साठा गेला. उरलेल्या ऑइलला तेवढंच काम करायचं असतं, म्हणून ते जास्त तापतं, लवकर बिघडतं, आणखी लवकर उडतं. अशात कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या चढाला डबल सीट गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढत राहिली की फटका आधी वरच्या भागाला बसतो. कॅमशाफ्ट आणि रॉकर हेडमध्ये असतात, पंपापासून सगळ्यात लांब. तिथून येणारी टकटक ऐकून मालक म्हणतो, "टॅपेट सेट करून द्या." टॅपेट सेट होतात, आवाज आठवडाभर कमी होतो, ऑइल मात्र होतं तिथेच.

म्हणून नव्याने जुनी गाडी घेणाऱ्याला मी ऑइलचा ब्रँड, सिंथेटिक की साधं, असल्या चर्चेत आधी शिरू देणार नाही. इंजिनात पुरेसं ऑइल आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येणं ही पहिली गोष्ट. त्याला एक फडकं लागतं आणि पाच मिनिटं.

स्प्लेंडरच्या इंजिनाच्या उजव्या बाजूला, क्लचच्या झाकणावर ऑइल भरायचं एक काळं बूच असतं. बुचालाच आत काडी जोडलेली असते आणि काडीवर दोन खुणा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावायची, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करून आणखी दोन-तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. बूच काढून काडी स्वच्छ पुसायची आणि परत भोकात घालायची, पण बूच फिरवून घट्ट करायचं नाही, नुसतं आट्यांवर टेकवायचं. पुष्कळ जण इथेच फसतात. बूच फिरवून बसवलं की काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणजे चूक होते ती नेमकी इंजिनाच्या जिवावर उठणाऱ्या बाजूला. साइड स्टँडवर बघितलं तर उलटं होतं. गाडी डावीकडे कलते, ऑइल डावीकडे सरकतं, उजवीकडची काडी कोरडी दिसते आणि माणूस घाबरून गरज नसताना ऑइल ओततो. ऑइल जास्त होणंही चांगलं नाही. फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो, फेसाळ ऑइल पंपाला नीट ओढता येत नाही, आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून किंवा सिलांतून बाहेर वाट शोधतं. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ, इतकं असलं की पुरे. मात्र काडी टेकवायची की फिरवून घालायची, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. ज्या गाडीचं पुस्तक हरवलंय तिचं कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून आधी पक्कं करावं. पल्सरसारख्या गाड्यांना काडीऐवजी इंजिनावर छोटी गोल काच असते. तिथे गाडी सरळ उभी धरून काचेवरच्या खुणा बघितल्या की झालं. फक्त ती काच आतून काळपट झाली असेल तर पातळी आणि डाग यांत गल्लत होते. गाडी थोडी हलवून बघावी. रेघ हलली तर ते ऑइल.

काडीवर पातळीशिवाय आणखी बरंच काही लिहिलेलं असतं. ऑइल काळं दिसलं म्हणून लगेच नाक मुरडायचं कारण नाही. ऑइलमध्ये काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणारी रसायनं असतात. फरशी पुसल्यावर फडकं मळतं, तसं काम केलेलं ऑइल काळं होतं. पण दोन बोटांत चोळल्यावर ते पाण्यासारखं पातळ लागलं आणि पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल आत झिरपत असण्याचा संशय घ्यावा. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई झिजली की पेट्रोल थांबत नाही. ते ओव्हरफ्लोच्या नळीने जमिनीवर तरी येतं, नाहीतर इंजिनात उतरून ऑइल पातळ करतं. अशा गाडीत काडीवरची पातळी महिनाभरात वाढलेली दिसते. ऑइल वाढतंय म्हणून खूश होणारे लोक मी बघितले आहेत. ऑइल कधी वाढत नाही. सुई बदलेपर्यंत रात्री गाडी लावताना पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय ठेवली तरी बरंच नुकसान टळतं.

कॉफीत दूध घातल्यासारखा पांढरट रंग म्हणजे आत पाणी गेलंय. पावसाळ्यात कोकणात हे सर्रास दिसतं, आणि त्यासाठी गाडी पुरातून काढावी लागते असंही नाही. घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर, संध्याकाळी परत दोन किलोमीटर, असं रोज चालवलं तर इंजिन पुरतं तापतच नाही. पेट्रोल जळताना वाफ तयार होते, तिच्यातली थोडी रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये जाते आणि तिथेच तिचं पाणी होतं. नुसत्या बुचाच्या आतल्या बाजूला पांढरी साय दिसली तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवून बघावी. गरम ऑइलमधली वाफ उडून जाते. संपूर्ण ऑइलच दुधट झालं असेल तर ते काढून टाकण्याला पर्याय नाही. काडीवर किंवा काढलेल्या ऑइलमध्ये चांदीसारखी चमक दिसली तर ते धातूचे कण. थोडी बारीक चमक जुन्या गाडीत असते, पण बोटाला टोचतील असे तुकडे निघाले तर आधी गॅरेज, मग बाकीचं.

हीच नजर गाडी विकत घेतानाही वापरावी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून बघावा. ते गरम असेल तर गाडी आधी सुरू करून ठेवली आहे आणि थंड इंजिनाचा धूर तुम्हाला दाखवायचा नाहीये, असं समजायला हरकत नाही. थंड इंजिनाला किक मारल्याबरोबर निळसर धुराचा एक भपका येऊन तो विरला, तर बहुधा व्हॉल्व्हची सिलं गेली आहेत. रात्रभरात ऑइल थेंबथेंब खाली उतरलेलं असतं. गाडी चालवताना एक्सलेटर पिळल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय, आणि ते काम मोठं आहे. थंडीच्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी. मिनिटा-दोन मिनिटांत जाते. धूर दिसू नये म्हणून विकण्याआधी मुद्दाम जाड ऑइल घालण्याचा प्रकारही चालतो. तेव्हा काडीवरचं ऑइल नवंकोरं आणि मधासारखं चिकट दिसलं तर आनंदाबरोबर थोडी शंकाही यायला हवी. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी आरटीओत तपासणी होते. ऑइल जाळणारी गाडी तिथे आणि पीयूसीच्या मशिनवर आपली किंमत वसूल करते.

गाडी घरी आणली की विकणाऱ्याने "परवाच बदललंय" म्हटलं तरी ऑइल बदलावं. त्याचा शब्द खोटा असेलच असं नाही, पण कुठलं ऑइल घातलं हे त्यालाही बहुधा माहीत नसतं. पहिल्यांदा बदललेलं ऑइल पाचशे ते हजार किलोमीटरवर पुन्हा बदलावं. काही गॅरेजवाले अशा वेळी डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन 'धुऊन' देतात. मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर तो जाळीत आणि ऑइलच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो, आणि डिझेल पूर्णपणे बाहेरही येत नाही. स्वच्छ ऑइल दोनदा लवकर बदलणं हीच सगळ्यात सौम्य सफाई. त्यानंतर जुन्या इंजिनाला अडीच-तीन हजार किलोमीटरवर ऑइल बदलावं असं माझं मत आहे, गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा. कंपनीचा आकडा यापेक्षा मोठा असू शकतो, पण तो आकडा नव्या इंजिनाचा असतो.

बदलण्याचं काम घरी जमण्यासारखं आहे. इंजिन कोमट असताना ऑइल लवकर आणि पूर्ण उतरतं. फार गरम असेल तर हात भाजतो. गाडी मेन स्टँडवर, खाली पसरट ट्रे, वरचं बूच मोकळं, आणि इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढायचा. एवढ्या सोप्या कामात लोक जे नुकसान करून ठेवतात ते या एका बोल्टपायी. बोल्ट पोलादाचा, क्रँककेस ॲल्युमिनियमची. पान्याला पाइप लावून, दात-ओठ खाऊन बोल्ट आवळला की आटे गेलेच. मग तिथून रोज एक थेंब, मग बुश मारायचा खर्च, आणि नवशिक्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो तो वेगळाच. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. तो अडला तर आटे वाकडे लागलेत, काढून पुन्हा लावावा. बोटांनी बसला की छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर आवळायचा, खांद्याच्या नाही. गळती थांबवण्याचं काम बोल्टच्या जोराचं नसून त्याच्या खालच्या वायसरचं असतं. काही रुपयांचा तो वायसर दर वेळी नवा घालावा. जुना चपटा होऊन गेलेला असतो आणि तो गळायला लागला की माणूस आणखी आवळतो, तिथूनच आट्यांची गोष्ट सुरू होते.

आता एक गोष्ट जी कित्येक जुन्या गाड्यांच्या नशिबात कधीच आलेली नसते. स्प्लेंडर घराण्याच्या इंजिनात चारचाकीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. एक तारेची जाळी असते, आणि क्रँकच्या उजव्या टोकाला गरगर फिरणारी एक छोटी डबी. ऑइल त्या डबीतून जाताना जड कण बाहेरच्या भिंतीला फेकले जातात आणि तिथे चिकटून बसतात. साधी आणि हुशार रचना आहे. बदलायला काही लागत नाही, फक्त पुसायला लागते. पण त्यासाठी क्लचचं झाकण उघडावं लागतं, नवीन पॅकिंग लागतं, म्हणून गॅरेजमध्ये कोणी आपणहून ते करत नाही. वीस वर्षांच्या गाडीची ही डबी उघडली की आत काळ्या मातीसारखा थर निघतो. जुनी गाडी घेतल्यावर मेस्त्रीला एकदा हे काम मुद्दाम सांगावं, आणि शक्य असेल तर उभं राहून बघावं.

बाटली विकत घेताना दुकानात जो गोंधळ उडतो त्याचं मूळ एवढंच आहे की मोटरसायकलीत एकच ऑइल तीन संसार चालवतं: इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. चारचाकीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती प्लेटांवर बसली की क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. म्हणून घरच्या कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलीत घालू नये. बाटलीवर जासो एमए किंवा एमए2 असं लिहिलेलं शोधावं. हे 1998 मधलं जपानी मानक खास चारस्ट्रोक दुचाकींसाठी आहे. एमबी लिहिलेलं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी; तिचा क्लच कोरडा असतो.

10डब्ल्यू-30, 20डब्ल्यू-40 हे आकडे घट्टपणाचे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. 10डब्ल्यूची चाचणी उणे 25 अंशांवर होते आणि 20डब्ल्यूची उणे 15 वर, त्यामुळे महाबळेश्वरच्या दवबिंदूंनाही या फरकाची फारशी पर्वा नाही. आपल्यासाठी महत्त्वाचा दुसरा आकडा. 100 अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहतं ते तो सांगतो, आणि 30 पेक्षा 40 घट्ट. स्प्लेंडरसाठी कंपनी 10डब्ल्यू-30 सांगते आणि इंजिन ठणठणीत असेल तर तेच घालावं. झिजलेल्या, थोडं ऑइल पिणाऱ्या इंजिनात उन्हाळ्यात 20डब्ल्यू-40 घालण्याचा मेस्त्री लोकांचा रिवाज मला चुकीचा वाटत नाही, मात्र त्याने झीज भरून येत नाही. या दोन-आकडी ऑइलांचा घट्टपणा काही अंशी लांब साखळीच्या पॉलिमरवर टिकलेला असतो, आणि गिअरचे दात त्या साखळ्या चिरत राहतात. ऑइल काळं न दिसताही थकतं ते असं. महागडं सिंथेटिक ऑइल चांगलंच असतं, पण शंभर सीसीच्या जुन्या गाडीत तेच पैसे साधं ऑइल लवकर बदलण्यावर खर्च करावेत. नकली मालापासून मात्र जपावं. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्यावं, सील बघावं, आणि रिकामी बाटली फेकण्याआधी कापावी, म्हणजे ती पुन्हा भरून कोणाच्या गळ्यात पडणार नाही.

गाडी वेगळी असेल तर हिशोबही वेगळा. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच केसचं वेगळं. एक बदलून दोन विसरणं ही तिथली नेहमीची तऱ्हा. शिवाय बुलेट महिनाभर उभी राहिली की ऑइल त्याच्या कप्प्यातून हळूहळू क्रँककडे उतरतं आणि काडी कोरडी दिसते. तिथे आधी गाडी चालवावी, मग बघावं. 1996 मध्ये उत्पादन थांबलेल्या यामाहा आरएक्स 100 ला तर जाळायचंच ऑइल लागतं. टू-टी ऑइलची तिची टाकी स्वतंत्र, आणि ती रिकामी राहिली तर पिस्टन अडकायला फार अंतर लागत नाही. बाकी गाडी कुठलीही असो, चेनला 90 नंबरचं गिअर ऑइल पुरतं. पुढच्या शॉकअपमध्येही ऑइल असतं, हे तर पुष्कळ मालकांना शॉकअप गळायला लागल्यावरच कळतं.

काढलेलं जळकं ऑइल चेनला, बिजागरीला लावायचा मोह आवरावा. त्यात धातूची पूड असते, आणि ते वारंवार हाताला लागणं त्वचेसाठी धोक्याचं आहे. गटारात ओतणं तर गुन्ह्याच्या जवळ जाणारं काम. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. झाकणाच्या डब्यात भरून मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं. तिथे ते पिंपात साठवतात आणि पुनर्प्रक्रियेसाठी पाठवतात.

राहिला प्रश्न ऑइल पिणाऱ्या गाडीचा. मोबाइलमध्ये किलोमीटर आणि किती मिली टाकलं एवढंच टिपत जावं. समजा दर पाचशे किलोमीटरला शंभर मिली लागतंय. मग तीन हजार किलोमीटरच्या आत सहाशे मिली टाकावं लागेल, म्हणजे निम्म्याहून जास्त ऑइल नवंच. पण दीड हजार किलोमीटर कोणी काडी बघितलीच नाही तर इंजिन दोन-तृतीयांश ऑइलवर धावत असेल. आकडा स्थिर असेल तर साइड कव्हरच्या आत छोटी बाटली ठेवून, दर आठवड्याला पातळी बघत अशी गाडी वर्ष-दोन वर्षंही चालवता येते. तो महिन्यागणिक वाढत असेल, जोडीला प्लग काळा आणि ओला निघत असेल, तर बोअर-पिस्टनचं काम काढायची वेळ आलीये. सिलं गेली असतील तर खर्च त्याहून बराच कमी. त्यामुळे हेड उघडण्याआधी धूर नेमका कधी येतो हे मेस्त्रीला तुम्ही सांगायचं, त्याने तुम्हाला नाही.